घरी आलेली तक्रार

पनवेलमध्ये मला नोकरी मिळत नव्हती, याचं कारण माझे वडील चांगले शिक्षक होते. ते जरा बेताचे असते, वर्गात पेपर वाचत बसणारे किंवा तास बुडवून चहाला जाणारे, तर मी महिन्याभरात कुठेतरी चिकटलो असतो. पण त्यांनी गावातल्या एकाच शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, जीव तोडून शिकवलं, आणि त्याची फळं भोगायला मी मागे राहिलो.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. वडील आदल्या वर्षी गेले. शाळेतून आले, सायकल भिंतीला टेकवली, पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुढे पासही झालो, सेकंड क्लासमध्ये, म्हणजे कोणाला अभिमान वाटू नये आणि कोणाला लाजही वाटू नये अशा बेताने. वडाळे तळ्याच्या मागे आमच्या भाड्याच्या तीन खोल्या होत्या. घरात मी आणि आई. आईला दमा होता. एरवी ती खणखणीत असायची, पण धाप लागली की लगेच डॉक्टर आणावा लागे, आणि घरात फोन नव्हता. त्यामुळे पहाटेच्या एसटीने मुंबईला जाऊन रात्री परतायची नोकरी माझ्या उपयोगाची नव्हती. शेजारच्या कोणी सायकलवरून निरोप आणला तर मी लगेच घरी पोचेन, एवढ्याच अंतरावरचं काम मला हवं होतं.

आणखी एक कारण होतं आणि ते पुण्याला राहत होतं. माझे धाकटे काका. वर्षश्राद्धाला ते काकूंना घेऊन आले, व्यवस्थित जेवले, आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "वहिनी, आता इथे कशाला राहायचं? पेन्शनवर दोघांचं भागणार थोडंच? याला मी तिकडे एका कारखान्यात लावून देतो. तुम्हीही चला. हिच्या आईचं अंग लुळं पडल्यापासून घरात सारखं माणूस लागतं. तुम्हाला त्यांची सोबत होईल."

कोणाला कोणाची सोबत होणार होती ते सगळ्यांनाच कळलं. काकू पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

आई काकांसमोर काही बोलली नाही. दिराला उलट उत्तर द्यायची तिची पद्धत नव्हती. काकांनी तिचं गप्प राहणं म्हणजे होकार धरला आणि आम्हाला मुदत दिली. दिवाळीपर्यंत याला इथे काम लागलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ते टेम्पो घेऊन येतील. ते गेल्यावर आई भांडी घासायला बसली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्या घरात साखरेचा डबा विचारून उघडावा लागतो, ते घर आपलं नव्हे."

एवढंच म्हणाली. मला दुसऱ्या दिवशीपासून काम शोधायचं होतं, ते ह्या डब्यासाठी.

पनवेलमध्ये त्या काळी कामासाठी जाहिरात वगैरे कोणी देत नसे. दुकानात जायचं, गल्ल्यासमोर उभं राहायचं, आणि मालक विचारायचा, "कोणाचा तू?" काय येतं, किती शिकलास, हे प्रश्न त्यानंतरचे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर बाकीचे कोणी विचारत नसे. माझं उत्तर तर एकदम पक्कं होतं. गावात ज्याच्या दुकानाला शटर होतं, त्यातल्या निम्म्यांना माझ्या बापाने पाढे पाठ करायला लावले होते.

पहिल्यांदा गेलो एका कापडवाल्याकडे. "कोणाचा तू?" मी सांगितलं. माणूस गादीवरून ताडकन उठला. वयाने माझ्या दुप्पट, पण मला हाताला धरून गादीवर बसवलं. चहा आला. बिस्किटं आली. मग मी विषय काढला की तुमच्याकडे एक माणूस हवाय असं ऐकलं. त्याचा चेहरा पडला.

"मास्तरांचा मुलगा माझ्याकडे कापड फाडणार? अरे, ते वरून बघत असतील. काय म्हणतील मला?"

मी म्हणालो, ते काही म्हणणार नाहीत. तो म्हणाला, तुला माहीत नाही, त्यांचा हात फार लागायचा. मग त्याने मला एक शर्टपीस दिला, कागदात बांधून, आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. घरी आलो. आईने पुडकं उघडून पाहिलं आणि विचारलं, "नोकरी मागायला गेला होतास की पानसुपारीला?"

नंतर एका पतपेढीत गेलो. तिथे कारकुनाची जागा रिकामी होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. चेअरमन वडिलांचे विद्यार्थी. त्यांनी मला केबिनमध्ये घेतलं, पंखा माझ्याकडे फिरवला आणि गंभीरपणे म्हणाले, "जागा आहे. पण कारकुनाची आहे. तुला मी कारकून कसा म्हणू? मॅनेजरची जागा निघाली की पहिला तू." मी काचेतून बाहेर पाहिलं. मॅनेजर तिशीचा होता, तब्येत उत्तम होती, आणि तो डबा खात होता.

लाकडाच्या वखारीचे मालक एक वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. त्यांची मुलं वडिलांकडे शिकलेली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बेटा, तुझ्या वालिदांचे फार एहसान आहेत आमच्यावर. तुला हिशेबाला बसवला तर लोक मला बेशरम म्हणतील. त्यापेक्षा असं कर, माझ्या नातवंडांना गणित शिकव. घरी ये, इज्जतीने बस."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला गणित येत नव्हतं. बारावीला जेमतेम चाळीस मार्क पडले होते, आणि तेही कसे पडले हे वडिलांनाही न सुटलेलं कोडं होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. आमच्याकडे आड तुडुंब भरलेला होता, पोहऱ्यालाच बूड नव्हतं. पण गावाचा यावर विश्वास बसेना. मी म्हटलं, मला गणित येत नाही, तर वखारवाले कौतुकाने म्हणाले, "हाच तो विनय. अगदी वालिदांसारखा."

असं करत करत मी बाजारपेठ संपवली. मेडिकल, भात गिरणी, छापखाना, उरण नाक्यावरचा पेट्रोलपंप. सगळीकडे खुर्ची मिळाली, सगळीकडे चहा मिळाला, सगळ्यांनी वडिलांची एकेक आठवण सांगितली. काही सांगताना रडले. त्यांना रडताना बघून मलाही वडिलांची आठवण यायची, मग मीही रडायचो, आणि त्यानंतर कामाचा विषय काढणं बरं दिसायचं नाही. त्या चहाने मला पित्ताचा त्रास सुरू झाला तो आजतागायत आहे.

पिकतं तिथे विकत नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि रूळ ओलांडून नवीन पनवेलला गेलो. तिथे सगळं नवं होतं. इमारती नव्या, माणसं मुंबईहून आलेली, कोणाला कोणी ओळखत नव्हतं. एका बिल्डरच्या ऑफिसात माणूस हवा होता. तिथल्या साहेबांनी 'कोणाचा तू' असं विचारलं नाही. मला इतकं बरं वाटलं.

"एक्स्पीरियन्स?"

"नाही."

"टायपिंग?"

"थोडं."

"हरकत नाही, शिकाल. लोकल कोणी ओळखतं का तुम्हाला? रेफरन्स लागेल."

मी हुरळून जाऊन कापडवाल्याचं नाव सांगितलं, दुकानाचा नंबरही सांगितला. साहेबांनी तिथल्या तिथे फोन लावला. मला पलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण कापडवाल्याचा आवाज चढलेला कळत होता. साहेब नुसतं "नो, नो, बट...", "अहो, पण..." करत होते. मग त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"ते म्हणतात, या मुलाला तुम्ही हरकाम्या करताय, तुम्हाला शोभतं का? तुम्ही नक्की कोण आहात?"

मी सांगितलं, गणिताच्या मास्तरांचा मुलगा. त्यांना काही ते पटलं नाही. एवढा मोठा माणूस आपल्याकडे टायपिंगला का येतोय, यात काहीतरी भानगड असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. जुन्या पनवेलमध्ये मला सगळे ओळखत होते म्हणून काम नव्हतं, आणि नव्या पनवेलमध्ये कोणी ओळखत नव्हतं म्हणून नव्हतं. मधे रेल्वेचे रूळ होते. त्यावर काम होतं, पण ते सरकारी, त्याला परीक्षा लागायची.

गणपती झाले, नवरात्र आलं. आई रोज संध्याकाळी विचारायची, "आज कोणाकडे चहा?" मी सांगायचो. एका संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. मेथीची जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "तुझं चुकतंय कुठे माहीत आहे? ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांच्याकडे जातोस तू. त्यांचा हात तुला काम सांगायला उचलणारच नाही. ज्याला त्यांना शिकवता आलं नाही, असा कोणीतरी बघ."

असा एकच माणूस दोघांच्याही डोळ्यांसमोर आला.

वडिलांची एक पद्धत होती. मुलगा वर्गात लक्ष देत नसेल तर ते त्याला मारायचे, तसे सगळेच मास्तर मारायचे. पण काही मुलांच्या बाबतीत ते संध्याकाळी सायकल काढायचे आणि थेट त्याच्या घरी तक्रार घेऊन जायचे. मुलगा करंजाड्याचा असो की सुकापूरचा, बांधावरून सायकल हाकत जायचे. पडवीत बसायचे, "तक्रार करायला आलोय" म्हणून सुरुवात करायचे, मुलाचे सगळे अवगुण त्याच्यादेखत सांगायचे, दिलेला चहा प्यायचे, आणि उठताना नेहमी एकच वाक्य बोलायचे: "घरात कोणी लक्ष देणारं नाही का याच्याकडे?" त्या वाक्याची नक्कल गावातला कोणीही करून दाखवायचा. एकदा आईने विचारलं होतं, मागच्या बाकावरची बाकीची टवाळ पोरं आहेत, त्यांच्या घरी नाही जात कधी? तर म्हणाले होते, "ज्याची आशा सोडली, त्याच्या घरी कशाला जाऊ? वर्गाबाहेर काढायला घरी जावं लागत नाही."

करंजाड्याच्या एका शेतकऱ्याच्या पोराच्या घरी त्यांच्या सर्वात जास्त खेपा झाल्या. हा पोरगा आठवीत तीन वर्षं बसला. वडिलांनी त्याला वर्गाच्या दाराबाहेर उभं करून पाहिलं, अंगठे धरायला लावून पाहिलं, घरी जाऊन पाहिलं. तिसऱ्या वर्षी त्याने शाळाच सोडली. पुढे त्यांची शेतं सरकारने घेतली, आलेल्या पैशातून त्याने एक ट्रक घेतला, एकाचे चार केले, आणि कळंबोलीला लोखंडाचा बाजार आला तशी तिथे एक क्रेनही उभी केली. आता त्याला सगळे शेठ म्हणत. वडिलांना स्मशानात न्यायला सगळी शाळा लोटली होती, त्यात तो नव्हता, हे मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सायकल काढून कळंबोलीला गेलो. तीच सायकल, वडिलांची. पत्र्याची शेड, समोर सळयांच्या थप्प्या, एकामागे एक उभे ट्रक. शेठ लोखंडी खुर्चीवर बसून कोणालातरी शिव्या देत होता. चाळिशीचा, काळाभोर, गळ्यात जाड साखळी. त्याने सायकलकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे.

"कोनाचा तू?"

मी सांगितलं.

तो उठला नाही. त्याने बसही म्हटलं नाही. चहा तर दूरच, समोरचा पाण्याचा जग त्याने स्वतःकडे ओढून घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला आशा वाटली.

"मास्तराचा पोरगा. आन् काय पायजे?"

"काम."

"माज्याकडं?" तो खुर्चीत मागे रेलला. "तुजा बापूस माज्या घरी यायचा, तक्रारी घेऊन. त्याची सायकल बांदावर दिसली का माजा बापूस काठी शोदायचा. म्हाईत हाय?"

"माहीत आहे."

"तुला किती मार्क होते रं गनितात?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "चाळीस."

तो उठून उभा राहिला. मला वाटलं, मारतो. पण त्याने शेडच्या बाहेर जाऊन मोठ्याने हाका मारल्या, आणि तीन ड्रायव्हर, क्रेनवाला आणि मुकादम असे सगळे गोळा झाल्यावर म्हणाला, "ऐका रं. ह्यो गनिताच्या मास्तराचा पोर. ह्याला चाळीस मार्क!" सगळे हसले. तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "उद्यापास्नं ये. दिवाळीपत्तर बगतो. जमला तर ठेवीन, नाय तर रस्ता धर."

काम वजनकाट्याचं होतं. रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन टिपायचं. माल भरून आला की परत वजन, त्यातून पहिलं वजा, उरलं ते मालाचं. त्याची चिठ्ठी करून गिऱ्हाइकाला द्यायची. शेडमध्ये एक रिकामी खुर्ची होती. मी तिच्याकडे वळलो तर शेठ म्हणाला, "तिथं नाय. दाराच्या भायेर. उभा ऱ्हायाचा."

मी दाराबाहेर उभा राहिलो. ते दिवस मी सुखात काढले, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. गावात मला कधी कोणी ओरडलं नव्हतं. इथे सकाळपासून शिव्या सुरू व्हायच्या. अक्षर वाईट, उभं राहायची पद्धत वाईट, जेवायला वेळ जास्त. शेठ माझ्यावर ओरडताना इतका खूश दिसायचा की ड्रायव्हर म्हणायचे, तू आल्यापासून आमचा ताप कमी झाला. मी घरी येऊन आईला सगळं सांगायचो. ती शिव्या गाळून ऐकायची. दुपारी एकदा तिला धाप लागली, शेजारचा निरोप आला, तेव्हा शेठने आपल्या जीपकडे बोट केलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "सोड ह्याला घरी. आन् डॉक्टर घेऊन जा." दुसऱ्या दिवशी परत शिव्या.

दिवाळी तोंडावर आली आणि मी शेण खाल्लं. गर्दी होती, ट्रक एकामागून एक येत होते, आणि एका भरलेल्या गाडीच्या वजनातून मी रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं विसरलो. थोडक्यात, गिऱ्हाइकाला आम्ही सळयांबरोबर ट्रकही विकला. गिऱ्हाइकाने फोन केला. फोनवर तो ओरडत होता, आणि शेठ गप्प बसून ऐकत होता. फोन ठेवून शेठ पुढच्या गाडीकडे वळला. एक शिवीसुद्धा दिली नाही. दिवसभर दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शनिवारी गेलो तर तो तसाच गप्प. संध्याकाळी निघताना मी धीर करून विचारलं, "शेठ, सोमवारी येऊ ना?"

"बगू," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमी त्याच घरात ऱ्हाता? तल्याच्या मागं?"

हो म्हणालो. तो जीपमध्ये बसून निघून गेला.

माझा पत्ता हिशेब मिटवायला लागणार असेल, दुसरं काय. घरी येऊन आईला सांगितलं की बहुतेक गेलं. तिने ऐकून घेतलं. मग तिने माळ्यावरून जुनी वर्तमानपत्रं काढली आणि एकेक भांडं त्यात गुंडाळायला लागली. मी मदतीला बसलो. कपबशा झाल्या, ताटं झाली, वडिलांची तसबीर झाली. साखरेचा डबा मात्र तिने फळीवरून हलवला नाही. मी त्याला हात लावायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. सकाळी बघू."

मला माझा इतका राग आला होता. एक साधी वजाबाकी. ती येत असती तर माझ्या आईला परक्या घरात दुसऱ्याच्या आईची गादी बदलत बसावं लागलं नसतं.

रविवारी काका आले. टेम्पो, टेम्पोवाला, आणि सोबत दोन हमाल. काका आनंदात होते. "शहाणपणाचा निर्णय घेतलात, वहिनी," ते म्हणाले, जसा काही निर्णय आम्ही घेतला होता. खाट गेली, कपाट गेलं, खुर्च्या गेल्या, स्टोव्ह गेला. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. आई सगळ्यांना पाणी देत होती, कारण पाण्याचा माठ अजून जागेवर होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. टेम्पोमुळे पुढे येता येईना, म्हणून शेठ उतरून चालत आला. पांढरे स्वच्छ कपडे, केसांना तेल. सणाला कोणाकडे जावं तसा. आमच्या पायरीपाशी त्याने चपला काढल्या, आणि दाराबाहेरच उभा राहिला. रिकाम्या होत चाललेल्या खोलीकडे त्याने एकदा पाहिलं. मग आईकडे.

"बाई, तक्रार करायला आलोय."

आईने पदर खांद्यावर घेतला आणि सरळ उभी राहिली. मुलाच्या शाळेतून कोणी आल्यावर आया उभ्या राहतात तशी.

"बोला," ती म्हणाली.

"ह्याचा लक्ष नाय कामात. ड्रायव्हरांशी गप्पा मारतो. अक्षर असा, का गिऱ्हाईक इचारतो ही चिठ्ठी कोनी लिवली, कोंबडीनं का? परवा तर गाडीचा वजनच काढला नाय त्यानी. मना त्या मानसाची माफी मागाया लागली. मी कदी कोनाची माफी नाय मागली, बाई."

मी मान खाली घालून उभा होतो. सगळी गल्ली ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका मात्र पुढे झाले.

"अहो, जाऊ द्या. झालं ते झालं. नाहीतरी आम्ही याला पुण्याला घेऊनच चाललोय."

शेठने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी कोन?"

"मी याचा काका."

"तुमच्याकडं नाय आलो मी," शेठ शांतपणे म्हणाला. "मास्तराच्या घरी आलोय."

मग परत आईकडे वळला. "उद्या सातला हजर पायजे. आटला नाय, सातला. आन् परत आसा केला तर मी परत येईन. दर वेळेला येईन, सांगून ठेवतो." इथे तो जरा अडखळला, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप आलं, त्याच चालीत, त्याच आवाजात. लहानपणी आपल्या पडवीत उभं राहून त्याने ते किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. "घरात कोनी लक्ष देनारा नाय का ह्याच्याकडं?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. त्याचा हात कानापाशी गेला, जसा काही मार चुकवायला. टेम्पोवाला दोरी धरून तसाच उभा राहिला.

मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी रोजचा होता.

"होते रे," ती म्हणाली. "आता तू बघ."

मी टेम्पोच्या मागे गेलो आणि तिथे उभा राहून रडलो. वडील गेल्यानंतर असा मोकळा रडलो नव्हतो. मागून आईचं बोलणं ऐकू येत होतं. ती शेठला म्हणत होती, बाहेर काय उभा राहिलास, आत ये. तो म्हणत होता, नाय बाई, हितं बरा हाय. ती म्हणाली, बस तरी. मग तिच्या लक्षात आलं की खुर्च्या टेम्पोत आहेत. तेव्हा तो पायरीवर बसला.

"वहिनी, उशीर होतोय," काका म्हणाले.

आई आत गेली. फळीवरून साखरेचा डबा काढल्याचा आवाज आला, झाकण उघडल्याचा आला. मग ती दारात आली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "आधी तो स्टोव्ह उतरवा. चहा करायचाय. बाकीचं सावकाश उतरवलंत तरी चालेल."